उघाडीची फळी

मौजे धाकटी खार, तालुका अलिबाग
ता. १२ नोव्हेंबर १९२९

चि. अंबाजी यास,

आई गेली. आज अकरावा दिवस. दहावं आटोपल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आधी लिहिलं असतं तर तू आला असतास किंवा आला नसतास, आणि दोन्हींतलं काहीही झालं तरी घरात बोलणं झालं असतं.

तिला दसऱ्यापासून ताप होता. रेवदंड्याच्या वैद्यांनी दोनदा पुड्या दिल्या. शेवटचे तीन दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. तुझं नाव तिनं एकदाच घेतलं, तेही शुद्धीत असताना. म्हणाली, "अंबाजीला जेवन कोन वाढतं तिथं?" मी म्हटलं, खानावळ आहे. ती म्हणाली, "खानावळीत कालवन म्हंजे नुसतं तिखटाचं पानी." मग कूस बदलून झोपली.

तुझा पत्ता रामचंद्रानं दिला. मिठागराचा मुकादम, तुला आठवेल. मिठाच्या पडावाबरोबर तो मुंबईला गेला होता तेव्हा तू त्याला धक्क्यावर गोणी उतरवताना दिसलास. तू बोलला नाहीस म्हणे. तुझ्या जोडीच्या माणसाला विचारून त्यानं खोलीचा नंबर लिहून आणला.

इथलं लिहिते. बांधातल्या उघाडीच्या दारातून खाडी आत आली त्याला दोन वर्षं तीन महिने झाले. पहिल्या साली खाचरांवर मिठाची साय होती, गवतसुद्धा उगवलं नाही. यंदा वरच्या अंगाच्या सात-आठ घरांचं भात उभं राहिलं, गुडघ्याच्या खालीच. आपल्या खाचरात काही आलं नाही. तळं अजून खारट आहे. बायका डोंगराच्या बाजूला कोसभर पाण्याला जातात. उघाडीवर आता कोंडाजीकाका बसतात. भरती लागली की फळी टाकतात, ओहोटीला उचलतात. टाकल्यावर खाली उतरून दोन्ही टोकांना हात लावून बघतात.

त्यांच्या गोदूचं लग्न झालं, रोह्याकडे दिली. तुझ्याशी ठरलेलं मोडल्यावर वर्षभर तिला त्यांनी घरीच ठेवली होती. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

बाबा बरे आहेत. तुला कळवावं असं त्यांनी सांगितलेलं नाही. कळवू नको असंही सांगितलेलं नाही.

काशी


ता. २० मार्च १९३०

चि. अंबाजी यास,

तुझं पत्र पोचलं. तू लिहितोस, "फळी त्यांच्या हातून बसली नाही हे त्यांना ठाऊक होतं. डोळे गेलेले झाकायला त्यांनी मला पुढं केलं. बाप म्हणून मी गप्प राहिलो. तो माणूस आहे तोवर मला पत्र पाठवू नकोस." मी ते कोणाला दाखवलं नाही. आणि पत्र पाठवते आहे.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशीचं तू जसं धरून बसला आहेस तसं ते नाही. उघाडी राखायची पाळी तुझी होती. सकाळी बाबा बांधावर आले आणि तुला म्हणाले, "जा, न्याहारी करून ये, फळी मी टाकतो." तू गेलास. त्यांनी फळी टाकली. तू परत आलास तेव्हा उधाणाचं पाणी आत घुसलं होतं, चौकट उखडली होती, वीस हात बांध वाहून गेला होता आणि फळी खाचरात तरंगत होती. इथपर्यंत तुझं नि माझं एकच आहे.

पुढं देवळासमोर गाव बसलं. कोंडाजीकाकांनी विचारलं, "उघाडीवर कोन होतं?" तू म्हणालास, "पाळी माझी होती." एवढंच म्हणालास. मग बाबा उठले. "फळी मी सोता टाकली, ती बसलेली होती. मागून यानं जाळं लावायला उचलली. माझा पोरगा म्हनून मी झाकनार न्हाय. आजपासून ह्यो माझा कोन न्हाय."

तुला वाटतं ते खोटं बोलले. तू त्या वेळी त्यांचं तोंड पाहत नव्हतास, खाली पाहत होतास. मी पाहत होते. अंबाजी, बाबांना खोटं बोलता येत नाही. त्याच्या आदल्या साली तू उघाडीत जाळं लावताना सापडला होतास, म्हणून त्यांना तसंच वाटलं. फळी बसली होती असं त्यांना खरोखर वाटत होतं आणि आजही वाटतं. तुला जी दिली ती शिक्षा त्यांनी मनापासून दिली. हे ऐकून तुला बरं वाटेल असं नाही, पण आहे ते असं आहे.

डोळ्यांचं आता सगळ्यांना कळलं आहे. धुळवडीच्या सकाळी नारळ घेऊन ते होळीपाशी गेले. मी बायकांत होते, चार पावलं मागं. राख पांढरी झाली होती पण आत विस्तव होता, आणि ते सरळ त्यात चालत गेले. दोन पावलं टाकली, मग ओरडले. सगळं गाव उभं होतं. कोणीतरी म्हणालं, "अरं, येसाजीबाबाला दिसत न्हाय की काय?"

तिसऱ्या दिवशी कोंडाजीकाका घरी आले. बाबांचा पाय मी केळीच्या पानात बांधला होता. काका ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"येसाजी, कवापास्नं दिसत न्हाय?"

"चार वर्सं झाली. आदी धूसर दिसायचं."

"मंजे खाडी आली तवाबी न्हवतं दिसत."

"न्हवतं."

"मग फळी बसली हे कशावरनं सांगितलंस?"

"बसली होती."

"अरे पन कशावरनं?"

"बसली होती, कोंडाजी. मी मेलो तरी हेच सांगेन."

काका उठून गेले. मी तिथंच होते, पाय बांधत. बाबांनी माझं नाव घेतलं नाही. आता गावात म्हणतात, म्हाताऱ्यानं आपलं आंधळेपण लपवायला पोराला बळी दिला. म्हणजे तू म्हणतोस तेच.

काशी


ता. ९ जून १९३०

चि. अंबाजी यास,

तुझं पत्र रामचंद्राच्या हाती आलं. या वेळी तू दोनच ओळी लिहिल्यास: "ज्याला दिसत नाही त्याला फळी बसली असं कोणी सांगितलं? त्या दिवशी न्याहारीला मी घरी आलो तेव्हा तू घरी नव्हतीस."

नव्हते. मी बांधावर होते. मी सांगितलं.

आता पहिल्यापासून लिहिते. माझे मालक गेले आणि मी इथं परत आले तेव्हा बाबांना नुकतंच कमी दिसू लागलं होतं. प्रथम मलाच कळलं. कोयता ठेवलेला असायचा आणि ते शेजारी चाचपायचे. मी नुसता कोयता हातात दिला. पुढं ते सवयीचं झालं. उघाडी राखायचं काम आपल्या घरात चार पिढ्यांचं; डोळे गेले म्हणून सोडायचं तर गावाला सांगावं लागलं असतं. त्यांनी मला कधी शब्दानं विचारलं नाही. नुसतं म्हणायचे, "काशी, चल गं, बांधावर जाऊन येऊ." मी पुढं, ते मागं. फळी टाकली की विचारायचे, "बसली का गं?" मी वाकून दोन्ही टोकं बघायची आणि सांगायची. लोक कौतुकानं म्हणायचे, लेक बापाची सावली आहे.

तुला हे थोडं ठाऊक होतं. आईला सगळं ठाऊक होतं.

त्या श्रावणात रामचंद्रानं माझ्यासाठी शब्द टाकला. त्याचीही बायको वारलेली, मूल नाही. पाट लावायला तयार होता. आपल्यात यात वावगं काही नाही. आईची तयारी होती. पुनवेच्या दिवशी तो नारळ घेऊन आला आणि बाबांनी त्याला ओट्यावरूनच परत लावला. मी आत होते. तो गेल्यावर मी बाहेर येऊन विचारलं, "का न्हाय म्हनालात?"

ते म्हणाले, "तू गेलीस तर मी कोनाच्या डोळ्यांनी बघू?"

रागानं नाही म्हणाले. पाऊस पडेल म्हणतात तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर बांधावर गेले तेव्हा आदल्या रात्रीपासून त्यांच्याशी बोलले नव्हते. तू न्याहारीला गेलास. त्यांनी फळी खाचेत सोडली, वरून दाबली आणि विचारलं, "बसली का गं?" मी म्हणाले, "बसली."

मी पाहिलं नव्हतं. मी खाडीकडं तोंड करून उभी होते.

देवळासमोर का बोलले नाही, ते विचारशील. तू बोलू लागलास तेव्हा मला वाटलं तू माझं नाव घेशील. बाबा उठले तेव्हा वाटलं ते घेतील. तुम्ही दोघांनीही घेतलं नाही आणि मग वेळ निघून गेली. हे कारण म्हणून लिहीत नाही. झालं तसं लिहिते.

बाबांशी तुझं वैर आहे ते चुकीच्या माणसाशी आहे, एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

काशी


ता. २५ जानेवारी १९३२

चि. अंबाजी यास,

दीड वर्षात तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. आज लिहिण्याचं कारण आहे.

बाबांच्या पायांवर सूज आहे, पोटही चढलं आहे. वैद्य म्हणतात, फार तर दोन महिने. गावात त्यांच्याशी बोलणं जवळजवळ बंद आहे. वाळीत टाकलेलं नाही, पण ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसले की बाकीची माणसं हळूहळू उठतात. त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं. एकदा मला म्हणाले, "आज तिघं उठली."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना अंघोळ घालत होते. पाठ चोळता चोळता मी सांगितलं. जे तुला लिहिलं तेच सांगितलं: मी त्या दिवशी पाहिलं नव्हतं, न पाहता बसली म्हटलं, अंबाजीनं फळी उचलली नाही.

अंगावरचं पाणी वाळायला लागलं. मग एकच वाक्य बोलले. ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर म्हणाले, "पोराला मी कोन न्हाय म्हनालो." दोनदा म्हणाले. मी पंचा दिला तो हातात तसाच धरून बसले.

गेल्या सोमवारी त्यांनी मला देवळात न्यायला सांगितलं. चालवत नव्हतं म्हणून कोंडाजीकाकांच्या पोरांनी पाटावर बसवून नेलं. बांधाच्या कामाची वाटणी ठरवायला पुरुष जमले होते. बाबा बसूनच बोलले. "मला उठवत न्हाय, तरी ऐका. अंबाजीनं फळी उचलली न्हाय. ती माझ्या हातनं बसलीच न्हवती. मला दिसत न्हवतं आनि ते मला ठावं होतं. लाज वाटली म्हनून पोरावर घातलं. त्याला बोलवा. त्याचं घर हाय ते."

मी दाराशी होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "काशी, घरला चल, मला थंडी वाजते." इतक्या मोठ्यानं म्हणाले की सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

कोणी त्यांना बोल लावला नाही. परत आणायला मात्र कोणी उठलं नाही. मी नि रामचंद्रानं आणलं.

तर बाबा खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि बरं जमलं, सगळ्यांनी मानलं. तुला खरं काय ते ठाऊक आहे. तू ये. आगबोट रेवदंड्याला दुपारी लागते, तिथून रामचंद्र बैलगाडी घेऊन येईल. यायचं नसेल तर तसं लिही, म्हणजे मी त्यांना रोज सांगणार नाही की उद्या येईल.

काशी


मिठागर, उरण
ता. १४ ऑक्टोबर १९३३

चि. अंबाजी यास,

आता पत्ते उलटे झाले. तू खारीत, मी बाहेर.

तू आलास त्यानंतरचे सतरा दिवस मला कायम लक्षात राहतील. तू त्यांना भरवायचास. तुमच्यात फार बोलणं झालं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तुझा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाले, "वाळलास." तू म्हणालास, "गोनी वाहून." मला आईचं "अंबाजीला जेवन कोन वाढतं" हे आठवलं.

तिरडीला तू, रामचंद्र आणि कोंडाजीकाकांचे दोन मुलगे, एवढेच होतात. कोंडाजीकाका स्वतः बांधावर उभे राहून बघत होते, खाली उतरले नाहीत.

तू मला काही विचारलं नाहीस. बाबांचे दिवस झाल्यावर माझा पाट लावून दिलास, बैलगाडीत माझी पेटी तूच ठेवलीस आणि म्हणालास, "बाय, झालं ते झालं. बघितलं न्हाईस एवढंच ना." मी मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी हे पत्र.

रामचंद्र परवा खारीवरून आला. त्यानं सांगितलं की बांधाच्या कामात यंदाही आपल्या घराला वाटा दिला नाही. चार पिढ्या पहिला नारळ आपल्या घरचा. आता म्हणे तुझ्या हातचं ढेकूळही लावून घेत नाहीत. ज्या घरानं बांध फोडला त्या घरचं नको. तुला मुलगी सांगून आली होती नागावची, तीही फिरली. आंधळ्याचं घर म्हणतात, खोटारड्याचं घर म्हणतात. तू हे मला कळवलं नाहीस. तू बाबांसारखा आहेस.

बाबांचं ते वाक्य आता लिहिते. मी अंघोळ घालत होते, मी सांगितलं, बाबा, मी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "काशी, तू बघितल्याबिगर कदी बोलली न्हाईस."

ते खरं आहे. मी पाहिलं होतं.

फळी उजव्या अंगानं खाली गेली होती. डाव्या खाचेत कालवांचे शिंपले चढले होते, तिथं ती अडकून वीतभर वर राहिली होती. फटीतून पाणी अजून बाहेरच जात होतं, कारण भरती नुकती लागत होती. बाबांनी विचारलं, "बसली का गं?" मी वाकले, रोजच्यासारखी दोन्ही टोकं पाहिली, आणि म्हणाले, "बसली."

माझ्या मनात काय होतं ते शक्य तितकं नीट लिहिते. फटीतून थोडं पाणी आत येईल. उघाडीला लागून आपलं खाचर, ते भिजेल. लोक विचारतील, येसाजी, फळी अशी कशी टाकलीस? मग कळेल की त्यांना दिसत नाही. काम दुसऱ्याकडं जाईल. मग त्यांना माझे डोळे लागणार नाहीत. एवढा विचार होता. तो मी आदल्या रात्री केला नव्हता, तिथं उभ्या उभ्याच केला. उधाण आहे हे मला ठाऊक होतं. उधाणाचं पाणी वीतभर फटीतून शिरलं की चौकट उखडते हेही मला ठाऊक होतं; आपल्या घरात वाढलेल्या कोणाला ते ठाऊक नाही? पण त्या वेळी ते मी डोक्यात येऊ दिलं नाही. चाळीस घरं डोक्यात नव्हती. पाळी तुझी आहे हेही नव्हतं.

बाबांना घेऊन मी घरी निघाले. तू वाटेत भेटलास, तोंडात भाकर होती. म्हणालास, "टाकली?" बाबा म्हणाले, "टाकली." मी तेव्हा सांगू शकले असते. तू धावत जाऊन ती खाली दाबली असतीस, अर्ध्या घटकेचं काम. तू रेंगाळत गेलास, कारण फळी बसली आहे असं तुला वाटलं. मी घरी जाऊन चुलीपाशी बसले आणि आईला नाचणी पाखडून दिली. आरडाओरडा ऐकू आला तेव्हा सूप माझ्या हातात होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे.

हे पत्र आधी मी रामचंद्राला वाचून दाखवलं. तो बराच वेळ मिठाच्या ढिगाकडं बघत बसला. मग म्हणाला, "मंजे माझ्यापायी?" मी म्हटलं, तुमच्यापायी नाही, माझ्यापायी. तो म्हणाला, "मग धाड." दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मीठ मागितलं. मिठागरात राहून मीठ वाढायचं विसरले होते.

बांधाच्या कामाला गाव जमेल तेव्हा हे त्यांच्यासमोर वाच. सगळं वाच. माझ्यासाठी काही राखून ठेवू नकोस. बाबांच्या नावाला लागलेलं निघालं पाहिजे, आणि तुझ्या.

तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

काशी


मिठागर, उरण
ता. ६ एप्रिल १९३४

चि. अंबाजी यास,

काल रामचंद्र खारीहून आला. कोंडाजीकाका त्याला वाटेत भेटले, त्याला घरी नेलं, सरबत दिलं. म्हणाले, "येसाजीनं लेकीसाठी आपलं नाव घालवलं, मोठा मानूस. तुज्या बायकोची चूक झाली. न बघता बोलली. पन पोरीच्या जातीला त्या वयात कुठं ध्यान असतं? तिनं कबूल केलं हे बरं केलं." अंबाजीला बांधाचा वाटा दिला, पहिला नारळ यंदा त्याच्या हातचा, असंही म्हणाले. येत्या सोमवारी काम सुरू होणार.

रामचंद्र म्हणाला, "बघ, मिटलं."

मी त्याला विचारलं, "न बघता, असं म्हनाले?"

"व्हय. अंबाजीनं तसंच वाचून दाखवलं म्हनं."

म्हणजे तू माझं जुनं पत्र वाचलंस. एकोणीसशे तीसचं. ऑक्टोबरचं तू वाचलंच नाहीस, किंवा वाचलंस आणि पेटीत ठेवलंस. मी तुझ्या जागी असते तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. तुझा हेतू मला कळतो. बाबांचं नाव निघालं, तुझं निघालं, आणि माझ्यावर एक बारीकशी चूक राहिली, जी लोक सरबत पिता पिता माफ करतात.

पण कोंडाजीकाकांच्या म्हशी त्या पाण्यात गेल्या. त्यांनी गोदूला एक वर्ष तुझ्यासाठी थांबवलं आणि मग ज्याच्या घरी गोड्या पाण्याची विहीर होती त्याच्या घरी दिली. वरच्या आळीतली दोन घरं मुंबईला गिरणीत गेली ती परत आली नाहीत. आई सात वर्षांपूर्वीपर्यंत घरामागच्या तळ्याचं पाणी प्यायची. शेवटची दोन वर्षं ती डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालली, आणि मी तिच्यामागं चालले, आणि तिला सांगितलं नाही. या माणसांनी मला माफ करायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं आहे. पण कशाची माफी ते त्यांना ठाऊक असायला हवं. ते तू नाही ठरवू शकत. बाबांनी ठरवलं, तेही चूक होतं.

मी सोमवारी येते. मोरा बंदरातून सकाळच्या पडावानं निघेन. रामचंद्र येतो म्हणतो, मी नको म्हटलं आहे. तो रेवदंड्यापर्यंत येईल आणि तिथं थांबेल. दुपारपर्यंत बांधावर पोचेन. ओहोटी असेल, सगळे पुरुष खाली चिखलात असतील आणि बायका टोपल्या घेऊन वर. सगळे आहेत हे बघूनच बोलेन. पाच-दहा वाक्यांचं काम आहे. पत्र आणणार नाही.

तू मला अडवायला पुढं येऊ नकोस. माझ्या शेजारीही उभा राहू नकोस. नारळ तुझ्या हातचा फुटू दे, मग मी बोलेन. आधी बोलले तर ते फोडू देणार नाहीत. नंतर त्यांनी तुझ्याशी कसं वागायचं ते त्यांच्यावर आहे, पण तुझ्यावर आता खरं काहीच राहणार नाही.

घरी मी येणार नाही. जेवायला धरू नकोस.

काशी